पाट, चौरंग आणि पेटारा : दक्षिण कोकणातील बुटक्या आसनांचा सामाजिक इतिहास (पिंगुळी-कुडाळ-सावंतवाडी परिसराच्या संदर्भात)

सारांश : शहरी घरसजावटीत 'ऑटोमन' व 'फूटस्टूल' ही बुटकी आसने बहुउपयोगी सामान म्हणून विकली जातात. बसणे, पाय टेकणे, वस्तू ठेवणे आणि आत साठवण करणे अशी अनेक कामे त्यांच्याकडून होतात. दक्षिण कोकणातील घरात यांपैकी बहुतेक कामे पाट, चौरंग व पेटारा या वस्तू शतकानुशतके करीत आल्या. प्रस्तुत लेखात या वस्तूंचा इतिहास पाहताना त्यांच्या वापराबरोबरच त्यांवर बसण्याचा अधिकार कोणाला होता, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पाट, चौरंग, पादपीठ, पंगत, सावंतवाडीची लाखकाम कला, चित्रकथी, घरगुती वस्तूंचा इतिहास.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात किल्ले, सनदा, लढाया आणि घराणी यांना जेवढे स्थान मिळाले त्याच्या शतांशानेही घरातील लाकडी सामानाला मिळालेले नाही. त्याचे कारण उघड आहे. तलवार संग्रहालयात जाते आणि पाट चुलीत जातो. फळीला भेग पडली, खालची पट्टी निखळली की पाटाचे आयुष्य संपते; त्यावर कोणी तारीख घालीत नाही. त्यामुळे या वस्तूचा इतिहास लिहिताना शब्दकोश, प्रथा, कारागिरीची परंपरा आणि चित्रे अशा आडवाटेच्या साधनांवर विसंबून राहावे लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव या दृष्टीने सोयीचे आहे. कुडाळ शहराला लागून, मुंबई-गोवा महामार्गालगत वसलेले हे गाव संत राऊळ महाराजांच्या मठामुळे आणि ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळांमुळे सर्वपरिचित आहे. येथून दक्षिणेस सावंतवाडी हे रंगीत लाकूडकामाचे केंद्र आहे आणि त्यापलीकडे गोवा. म्हणजे बुटके आसन बनविणारा कारागीर, त्याचा वापर करणारे घर, आसनस्थ राजांची चित्रे दाखविणारा कलावंत आणि खुर्ची घेऊन आलेला पोर्तुगीज, असे चारही घटक एका लहान टापूत सापडतात.

एक रूढ समजूत

'पूर्वी सारे जमिनीवर बसत, खुर्ची इंग्रजांनी आणली' असे विधान व्याख्यानांतून व क्रमिक पुस्तकांतून सर्रास केले जाते. ते अर्धसत्य आहे. प्राचीन भारतीय शिल्पांत व अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत उंच आसनावर बसलेल्या राजपुरुषांच्या आकृती आहेत, आणि त्या आसनापुढे पाय टेकण्यासाठी ठेवलेले पादपीठही दिसते. संस्कृत वाङ्मयात व शिलालेखांत मांडलिकांचे मुकुट सम्राटाच्या पादपीठाला लागल्याची वर्णने इतकी रूढ आहेत की तो एक ठरीव संकेतच बनला होता. 'फूटस्टूल' या वस्तूला आपल्याकडे जुना पूर्वज आहे. मात्र तो घरातला नव्हे, दरबारातला. ज्याच्या पायाखाली पीठ आहे तो राजा किंवा देव, आणि ज्याचे मस्तक त्या पीठाला लागते तो मांडलिक किंवा भक्त, अशी ती मांडणी होती.

दुसरी गोष्ट अशी की दक्षिण कोकणाच्या शेजारी गोव्यात १५१० पासून पोर्तुगीज सत्ता होती. तेथील चर्चमध्ये व श्रीमंत घरांत खुर्च्या, मेजे, बाके ही इंग्रजी अंमलाच्या कितीतरी आधीपासून होती, आणि ती घडविणारे सुतार बहुतांशी स्थानिकच होते. सावंतवाडी संस्थानचा गोव्याशी कधी युद्धाचा, कधी तहाचा, आणि सदैव व्यापाराचा संबंध राहिला. खुर्ची कशी असते हे या भागातील माणसाला ठाऊक नव्हते, असे मानण्यास आधार नाही. ठाऊक असूनही ती घरात आली नाही, आणि हाच खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

जमीन, पाऊस आणि पाट

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग घराच्या जमिनीत आहे. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शेणाने सारवलेली जमीन जून ते सप्टेंबर ओल धरते. अशा जमिनीवर उघडे बसणे त्रासाचे आणि चार अणकुचीदार पायांची खुर्ची ठेवणे त्याहून गैरसोयीचे. पाय जमिनीत रुततात, सारवण उखडते. पाटाची रचना या परिस्थितीला चपखल बसते. एक जाड फळी आणि तिला खालून ठोकलेल्या दोन आडव्या पट्ट्या एवढाच त्याचा आकार. बसणारा जमिनीपासून दोन-चार इंच वर राहतो, भार पट्टीच्या सबंध लांबीवर विभागला जातो आणि खालून हवा खेळते. काम संपले की पाट भिंतीला उभा टेकवून ठेवायचा, म्हणजे जागाही मोकळी होते आणि लाकूडही सुकते.

लाकूड बहुधा घरच्याच परसातले. फणस, आंबा, शिवण यांच्या फळ्या या कामी येत, ऐपत असेल तेथे साग. फणसाचे लाकूड पिवळसर, टिकाऊ आणि वाळवीला सहजी न बधणारे असल्यामुळे त्याला विशेष पसंती असे. घर बांधताना दारे-खिडक्यांचे काम आटोपल्यावर उरलेल्या फळ्यांतून सुताराने पाट काढून द्यावेत, ही सर्वसाधारण रीत. म्हणून जुन्या घरातील पाट सहसा एकसारखे नसतात. कोणाची रुंदी अधिक, कोणाची जाडी कमी. एकसारख्या पाटांची जोडी दिसली तर ती लग्नासाठी मुद्दाम करून घेतलेली असण्याचा संभव अधिक.

या एका वस्तूने किती कामे केली हे पाहण्यासारखे आहे. जेवायला पाट, न्हाणीघरात पाट, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला रांगोळीने वेढलेला पाट, भाऊबीजेच्या ओवाळणीला पाट, मुंजीच्या व लग्नाच्या विधीत पाट. मंगलाष्टके चालू असता वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना पाटावरच उभे असतात. (अंतरपाटातील 'पाट' मात्र कापडाचा, एकच अक्षरयोजना लाकूड आणि वस्त्र या दोन्हींसाठी वापरणारी आपली भाषा येथे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगी हजर करते.) पोळी लाटण्याचा पोळपाट हाही याच कुळातला. विळी आणि खवणी यांची बैठकही मुळात पाटच. त्याला पाते जोडले की बसणारीचे वजन हेच यंत्राला स्थिर ठेवणारे बळ बनते. कोकणातील नारळ खवण्याचे काम या बैठकीवाचून कल्पिता येत नाही. जेवणाची तयारी करणे या अर्थी 'पाटपाणी करणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. ताटाआधी पाट येतो, हा क्रम त्यात नोंदला गेला आहे.

चौरंग हा पाटाचा मानाने थोरला भाऊ. चार पाय, चौकोनी बैठक आणि अधिक उंची. सत्यनारायणाची पूजा, कलशस्थापना, पोथी यांसाठी तो राखीव. पाटावर माणूस बसतो आणि चौरंगावर देव, असा ढोबळ विभाग करता येतो; परंतु तो काटेकोर नाही, कारण गणपती पाटावर येतो.

साठवणीचे आसन ही कल्पनाही नवी नाही. कोकणातील घरात पेटारा ही जाड फळ्यांची मोठी पेटी असे. आत कपडे, भांडी, क्वचित धान्य आणि वर सपाट झाकण. दिवसा त्यावर बसावे, रात्री अंथरूण घालून निजावे. आजचे साठवणीचे ऑटोमन ज्या सोयीसाठी घेतले जाते ती सोय पेटाऱ्यात होतीच, शिवाय राखणीचीही: मौल्यवान ऐवजावर घरातले वडीलधारे माणूस निजलेले असे.

ऑटोमन : एका नावाचा प्रवास

येथे युरोपातील समांतर घडामोड पाहणे उद्बोधक ठरेल. तुर्की घरात भिंतीलगत बुटक्या लांब बैठका असत आणि त्यांवर गाद्या-लोड घालून मांडी घालून बसण्याची रीत होती. अठराव्या शतकात फ्रान्समधील उच्चभ्रू वर्गात तुर्की वस्तूंची आवड बळावली तेव्हा या बैठकीच्या धर्तीवर केलेल्या आसनाला उस्मानी साम्राज्यावरून नाव मिळाले. पुढे इंग्लंडात त्याचे पाठ-हात गेले, आकार लहान झाला आणि अखेरीस ते खुर्चीपुढे पाय टेकण्याचे मऊ ठोकळे बनले. एका साम्राज्याच्या दिवाणखान्यातील सन्मानाचे आसन दुसऱ्या साम्राज्याच्या दिवाणखान्यात पायाखाली गेले. 'दिवाण' या शब्दाचीही गंमत अशीच आहे. फारसीतून तो मराठीत कारभारी व कचेरी या अर्थाने आला, आणि विसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेने पुन्हा आला तो बैठकीच्या खोलीतील पलंगाचे रूप घेऊन.

हिंदुस्थानातील इंग्रजांनी वेताच्या मुढ्यालाही असेच वापरले. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कोशात 'मोरा' अशी नोंद असून तिचा अर्थ बसण्याचे तसेच पाय टेकण्याचे स्टूल असा दिलेला आहे. एतद्देशीयांचे आसन साहेबाचे पायटेकणे झाले.

पाट मात्र पायटेकणे कधीच झाला नाही. ऑटोमन व पाट यांतील मूलभूत भेद हाच होय, आणि घरसजावटीच्या लेखनात तो नेमका दुर्लक्षिला जातो. पाटावर पाय ठेवून उभे राहता येते, कारण तेव्हा पाटावरचा माणूस वधू, वर किंवा बटू या नात्याने पूजनीय असतो. परंतु स्वतः उंच बसून पाटावर पाय पसरणे हे अशिष्ट. जेथे चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात, तेथे आसनाला पायटेकणे करण्याची मुभा समाज देत नाही. ज्याला पादपीठ लाभले तो देव, राजा किंवा गुरू. रामायणात भरत सिंहासनावर पादुका ठेवतो. मठोमठी पादुकांचे स्थान उंचावर असते. पाय जेव्हा पूजनीय, तेव्हाच त्यांना आसन.

उंचीचे राजकारण

पाट हा समतेचे प्रतीक आहे, सारे एका पातळीवर बसत, असे गौरवाने म्हटले जाते. हे विधान तपासून घ्यावे लागते. पंगतीत सारे एका उंचीवर बसत हे खरे. परंतु पंगतीत कोण बसत असे, हा त्याआधीचा प्रश्न आहे. जातीजातींच्या पंगती वेगळ्या होत्या. सोवळ्यातील माणसाचा पाट वेगळा, त्याला इतरांचा स्पर्श वर्ज्य. एकाच घरात पुरुषांच्या पंगती उठल्यावर स्त्रिया जेवत, आणि चुलीपाशी, कामाच्या आटोपात, त्यांच्या वाट्याला पाट येईलच असे नव्हते. विळीचा आणि खवणीचा पाट मात्र त्यांचाच होता. जेवणाचा पाट पुरुषाला आणि श्रमाचा पाट स्त्रीला, ही विभागणी इतकी सरावाची होती की तिची नोंद करण्याची गरज कोणास वाटली नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड (१८८०) जातवार घर, आहार, पोशाख यांची वर्णने देतो. परंतु एका घरात कोणी कशावर बसायचे याकडे त्या काळच्या नोंदणाऱ्याचे लक्ष जाणे कठीणच होते.

भाषेने मात्र एक साक्ष ठेवली आहे. 'पाट लावणे' म्हणजे विधवेचा पुनर्विवाह लावणे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) 'पाट' या शब्दाचा हा अर्थ आलेला आहे. ब्राह्मण व तत्सम जातींत विधवाविवाह निषिद्ध असताना अन्य अनेक जातींत पाटाची चाल होती, आणि मराठी राज्याच्या जमाबंदीत त्यावर 'पाटदाम' नावाची करबाबही होती. प्रथम विवाह तो 'लग्न' आणि दुसरा तो 'पाट', असा दर्जाचा भेद नावातच होता. पहिल्या लग्नाचा थाटमाट त्यात नसे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने ज्याला नव्याने मान्यता दिली असे आपण शिकवतो, ते बहुजन समाजात पाटाच्या रूपाने आधीपासून होते. ही बाब पदवीच्या वर्गात पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही.

आसनाच्या उंचीवरून मान ठरतो ही जाणीव लोककलांनीही जोपासली. रावणाच्या सभेत गेलेल्या अंगदाला आसन दिले जात नाही, तेव्हा तो स्वतःच्या शेपटीचे वेटोळे करून रावणाहून उंच बसतो, ही कथा कोकणात आबालवृद्धांस ठाऊक आहे. रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या आधारे सांगणे हे पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींचे परंपरागत काम. एका आख्यानाच्या चित्रसंचाला 'पोथी' म्हणतात. सावंतवाडीच्या संस्थानिकांनी या कलावंतांना आश्रय दिला, मंदिरांतून कला सादर करण्याचा परिपाठ त्यातून दृढ झाला. आसनस्थ राजा हा अशा चित्रांतील नेहमीचा विषय. आणि तो दाखविणारा कलावंत स्वतः देवळाच्या मंडपात जमिनीवर बसलेला. चित्रातले आसन आणि चित्र दाखविणाऱ्याचे आसन यांतील हे अंतर कलेच्या अभ्यासकांनी अद्याप फारसे विचारात घेतलेले नाही. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर ठाकर कलांच्या संग्रहालयात केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला, ही घटना त्या अंतराच्या संदर्भातही वाचली पाहिजे.

पुण्याच्या दरबारातही हाच प्रश्न होता. १७९० च्या तहाच्या प्रसंगी पेशव्यांच्या दरबारात हजर असलेल्या चार्ल्स मॅलेटचे चित्र टॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केले. त्यात इंग्रज वकील व त्याचे सहकारी बैठकीवर बसलेले दिसतात. तीन दशकांनंतर पेशवाईच राहिली नाही, आणि कोणी कोठे बसायचे हे इंग्रज ठरवू लागले. पुढे कचेरीत खुर्ची साहेबाची झाली. 'खुर्ची' या शब्दाला सत्तेचा अर्थ चिकटला तो आजतागायत. पाटाला असा अर्थ एके काळी 'पाटराणी'त होता.

सावंतवाडीचा रंग

सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी पाट-चौरंगांना घरगुती वस्तूच्या पलीकडे नेले. तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५-१८०३) यांच्या काळापासून या कलेला राजाश्रय मिळाल्याचे सांगितले जाते. लाकडावर रंगाचे थर, त्यावर फुलावेलींची नक्षी किंवा देवतांच्या आकृती आणि वर लाखेचे चकचकीत लेपण, ही पद्धत खेळणी, गंजिफा, देव्हारे आणि पाट-चौरंग या सर्वांना समान होती. एकच हात दशावतारी गंजिफाच्या एकशेवीस पानांवर मत्स्य-कूर्म रेखाटी आणि लग्नाच्या पाटावर वेलबुट्टी काढी. लाखेच्या लेपाचा व्यावहारिक उपयोगही होता: ओल लाकडात शिरत नाही आणि पाट पुसून काढता येतो.

छापील पत्त्यांमुळे गंजिफांची मागणी खालावली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती जाणून घेतली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यात कार्यशाळा सुरू केली. कला वाचली, याबद्दल ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र वाचताना वस्तूचा धर्म बदलला. रंगीत पाट आता भेट देण्याची, दिवाणखान्यात मांडण्याची वस्तू झाली. त्यावर बसले तर रंग खरवडेल, म्हणून कोणी बसत नाही.

पाट माळ्यावर जातो

साध्या पाटाचे घरातील स्थान कोणत्या एका घटनेने गेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत गेलेल्या चाकरमान्याने घडीची खुर्ची गावी आणली. ती खळ्यात किंवा पडवीत, पाहुण्यांसाठी. माजघरात तिला बराच काळ प्रवेश नव्हता. मग जमीन बदलली. सारवणाच्या जागी कोबा आणि पुढे फरशी आली, ओल गेली, आणि पाटाचे मूळ कारणच उरले नाही. १९९० नंतर प्लॅस्टिकच्या एकसंध खुर्च्या स्वस्त झाल्या. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला आणि शहरी सामानाची ये-जा वाढली. लग्नातील पंगतीची जागा टेबलखुर्चीने आणि उभ्याच्या जेवणाने घेतली. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना खुर्ची हा दिलासा होता, आणि स्वयंपाकघरातील उंच ओट्याने स्त्रीला विळीच्या पाटावरून उठविले. पाटाच्या लोपाबद्दल हळहळणाऱ्या लेखनात या दोन गोष्टींचा उल्लेख क्वचितच येतो. हळहळणारे बहुधा पंगतीच्या पाटावर बसलेले असतात.

एका प्रसंगी मात्र पाट अजून माळ्यावरून खाली येतो. गणेशचतुर्थीच्या काही आठवडे आधी सिंधुदुर्गातील कुटुंबे आपला पाट गावच्या गणेशचित्रशाळेत नेऊन देतात. मूर्ती त्याच पाटावर घडते. पाट गेला म्हणजे मागणी नोंदली गेली. वेगळी चिठ्ठी लागत नाही. मूर्तीच्या रुंदीला पाटाच्या रुंदीची मर्यादा असते, म्हणून आजोबांनी फणसाच्या फळीतून करून घेतलेला पाट आजही घरच्या गणपतीचे आकारमान ठरवितो. मूर्ती मोठी हवी असेल तर पाट नवा करावा लागतो, आणि तो निर्णय मुंबईत व गावी असलेल्या भावाभावांत सहजासहजी होत नाही. चतुर्थीस हाच पाट डोक्यावर किंवा हातांवर घरी येतो, माटवीखाली मांडला जातो. विसर्जनानंतर तो रिकामा परत येत नाही. नदीतली किंवा व्हाळातली मूठभर वाळू त्यावर ठेवून आणतात, पाटाची आरती होते, आणि तो धुऊन, सुकवून पुन्हा माळ्यावर चढतो.